बाहेरचं नाक

४ मार्च

आला! आधी वास आला, मग कडी वाजली, मग ती.

रानशेवंती! म्हणजे शेड उघडली, हंगाम सुरू झाला. मशीनवरून मान वर न करताच ओरडलो — "डावीकडच्या जाळ्यांवर होतीस ना आज?" डावीकडे ताजी, ओली फुलं पसरतात, त्यांचा वास हिरवट येतो. ती चपला काढता काढता म्हणाली, "अहो, नवरा केलाय की पोलिसांचं कुत्रं!"

बरं वाटलं. वर्षाचे बाकीचे महिने या घराला नुसता मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास. आता रोज संध्याकाळी ती येईल आणि घर घर वाटेल. हे तिला सांगत नाही. सांगितलं की डोक्यावर बसेल.

५ मार्च

शेडवर नवा मॅनेजर आलाय. मला खिडकीबाहेरच्या स्टुलावर बसलेला पाहून मुकादमिणीला विचारतो, "हे गृहस्थ कोण? बाहेर का बसलेत? आत बोलवा की!" तिने जीभच चावली. मग मीच सगळं पहिल्यापासून सांगितलं.

बाबा रे, ही फुलं दिवसरात्र उरावर घेऊन बसलं की नाक मरतं. आत काम करणाऱ्या एकीलाही रानशेवंतीचा वास येत नाही. अंगाला, केसांना, डब्यातल्या भाजीला लागलेला असतो, पण त्यांना येत नाही. मग फुलं नीट वाळली की नाही हे कोण सांगणार? त्याला बाहेरचं नाक लागतं. ते मी. धंद्याने शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. हंगामात सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सायकल मारत इथे येतो. मुकादमीण थाळीतून मूठभर फुलं आणते, मी हुंगतो. "चढू दे" म्हटलं की अजून वाळवायची. "उतरव" म्हटलं की पोत्यात. "फेक" म्हटलं की उकिरड्यावर. तीन शब्दांची नोकरी! आणि नियम एकच — शेडच्या आत पाऊल टाकायचं नाही. आत गेलं की नाक बाटलं.

आजवर टाकलेलं नाही. बायको इतकी वर्षं आत काम करते, ती कुठे उभी राहते, कुठे बसून डबा खाते, काही ठाऊक नाही.

मॅनेजर म्हणाला, "ओलावा मोजायचं मशीन मिळतं हल्ली." म्हटलं, आणा की. त्याला सर्दी होत नाही ना, तेवढं बघून घ्या. बायका आत खिदळल्या. "नाकोबा, नाकोबा" करत होत्या. मला सगळे तेच म्हणतात.

पण ती नुसती तोंडाची थट्टा. शिवणकाम काय, कुणीही करतं. नाकाखेरीज माझ्यात दुसरं आहे काय?

८ मार्च

शाळेचे गणवेश. निळं कापड, निळं कापड, निळं कापड. पाठ मोडली. झोपतो.

१२ मार्च

मुकादमिणीबरोबर बाजारात गेली होती म्हणे. उशिरा आली. पिशवी रिकामी! म्हटलं, बाजारात काय वारा घ्यायला गेला होतात? म्हणाली, "काही पसंतच पडलं नाही." ताटात निम्मं टाकलं आणि पडून राहिली. हंगामात दमते. दमणारच. मी तरी कुठे ताजातवाना आहे.

१५ मार्च

दुपारचा लॉट उतरवला. काय वाळला होता! शेडच्या वळणावरच कळलं. पिकलेलं सफरचंद, उन्हातलं गवत आणि अगदी शेवटी जराशी कडू टोचणी. ही टोचणी आली की समजावं, झालं, आता उतरव. पुढे गेलं की नुसता भुसा उरतो.

या फुलाचं मला नवल वाटतं. शेवंतीच्याच कुळातलं, पण कुणी पेरत नाही की पाणी घालत नाही. जिथे गवतही जीव सोडतं अशा कोरड्या शेताच्या कडेला येतं. बटणाएवढं. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी गुंडी. लोक त्याचा काढा पितात, शांत झोप लागते म्हणे. आमची झोप त्याच्या वाळवणीपायी उडते, ते सोडा.

१९ मार्च

आज ती आली आणि वास आला नाही.

मला वाटलं दार वाऱ्याने उघडलं. वर बघतो तर ती उभी! म्हटलं, "शेडवरूनच आलीस ना?" म्हणाली, "मग काय सिनेमाला गेले होते?" मग म्हणाली, कामावरचे झगे आता शेडवरच ठेवायचे, नवीन मॅनेजरचा नियम. असेल. नवा गडी, नवं राज्य.

२१ मार्च

झगा शेडवर राहिला, कबूल. पण केस? केसांतला वास काही मॅनेजर काढून घेत नाही. ती अंघोळीला गेली तेव्हा तिच्या उशीवर नाक ठेवून पाहिलं. काही नाही. खोबरेल तेल, उशीचा कापूस, तिची स्वतःची ऊब. रानशेवंती नाही.

दोन तपं ती हंगामात याच उशीवर झोपत आलीय. वास खोळ धुऊनही जायचा नाही.

उशीत काही दोष नाही. दोष नाकात आहे.

२२ मार्च

सकाळी ती बाहेर पडल्यावर परीक्षा घेतली. साबण — आला. रॉकेल — आलं. मशीनचं तेल, खडू, ओली माती, जुनी चप्पल — सगळं आलं. कांदा कापून हुंगत होतो तेवढ्यात ती विसरलेला डबा न्यायला परत आली. दारात उभी राहून बघत राहिली. "अहो, काय चाललंय?"

"कांदा नासलाय का बघतोय."

"नाकाने कांदे सोलतात ऐकलं होतं, आज पाहिलं," म्हणाली. हसली, पण जरा थांबूनच हसली. मग विचारलं, "कसली काळजी आहे का?" म्हटलं, छे! कसली काळजी?

तिला सांगणार नाही. आधीच दमलेली असते. त्यात माझं रडगाणं नको.

२५ मार्च

खिडकीवर वास येतो. चांगला येतो. मग घरी का येत नाही? दिवसभर मशीन मारताना हाच विचार. दोन बाह्या उलट्या जोडल्या, उसवत बसलो.

उत्तर एकच दिसतं. खिडकीवर मूठभर फुलं असतात, वास दांडगा. तिच्या अंगाला असायचा तो हलका. म्हणजे माझ्या नाकाला ढोल ऐकू येतो, कुजबूज नाही. आणि या नोकरीत सगळी कुजबूजच तर ऐकायची असते. ती शेवटची टोचणी!

भीती वाटते. खरंच भीती वाटते.

२७ मार्च

गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. नाकात बॅटरी मारली, म्हणाले, "काका, वय काय कुणाला चुकलंय का?" नाक एकदम जात नाही म्हणे. आधी हलके वास जातात. मग भलतेच वास यायला लागतात, नसलेले. मग सगळंच बंद. थेंब दिले आहेत. मिठाच्या पाण्यासारखे लागतात.

म्हटलं, किती दिवस उरलेत? ते म्हणाले, "अहो, नाक चाललंय, तुम्ही नाही." त्यांना काय जातंय म्हणायला.

३१ मार्च

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. भलता वास!

ती आली, मी पाण्याचा पेला घेतला, तिचा हात जवळ आला आणि एकदम — स्पिरिट, ओलं रबर, आणि त्याखाली काहीतरी गोडूस, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं. दवाखान्याचा वास. माझ्या बायकोच्या हाताला! जी अख्खा दिवस फुलं उलटीपालटी करते तिच्या हाताला!

पेला तसाच ठेवला. ती म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, पाणी कोमट आहे. पाणी गारच होतं.

तर सुरुवात झाली.

१ एप्रिल

खिडकीवर मुकादमीण थाळी पुढे करून हळूच म्हणाली, "घरी कसं आहे आता?"

हिला कुणी सांगितलं? थेंब घालताना मला पाहिलं असेल कुणीतरी. ही बाई तोंडाची पक्की आहे, तिच्या पोटात राहील म्हणा. म्हटलं, "चाललंय. बरं-वाईट." ती म्हणाली, "धीर सोडू नका. घरी जरा जास्त वेळ द्या." तिचे डोळे भरून आले होते! माझ्या नाकासाठी एवढं वाईट वाटणारं कुणी आहे हे पाहून मलाच भरून आलं. "मॅनेजरला सांगू नका," म्हटलं. ती म्हणाली, "त्यांना सांगावंच लागलं, पण त्यांनी समजून घेतलं."

समजून घेतलं म्हणे! म्हणजे मशीनची ऑर्डर गेली.

३ एप्रिल

मोठी चूक.

सकाळच्या लॉटला नाक म्हणत होतं — खाली ओल आहे, चढू दे. पण या नाकाचं आता ऐकायचं कसं? भलते वास दाखवणारं नाक! मी मुकादमिणीला विचारलं, "हाताला कसा लागतोय?" ती म्हणाली, "हाताला कोरडा लागतो." म्हटलं, मग उतरव.

दुपारी पोती फुगून गरम झाली. आतून कुबट. अख्खा लॉट उकिरड्यावर गेला. मुकादमीण म्हणाली, "तुमचं तोंड आधी 'च' म्हणत होतं, मी पाहिलं. मग शब्द का फिरवलात?"

काय सांगू? नाक बरोबर होतं, पण ती बोलाफुलाला गाठ. उद्या परत बरोबर असेल याची खात्री काय?

मॅनेजर खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, तुमच्या मनावर ताण आहे, मला कल्पना आहे. दोन दिवस विश्रांती घ्या." एरवी त्याला चार शब्द सुनावले असते. आज नाक मुठीत धरून सायकल काढली.

६ एप्रिल

तिला टोपी हवी आहे. शेडमध्ये आता डोकं झाकायचा नियम. मऊ पाहिजे, आणि आतल्या बाजूला शिवण नको, टोचते म्हणे. म्हटलं, "नियम काढणाऱ्याच्याच डोक्याला टोचायला हवी." पण शिवली. लहान मुलांच्या झबल्यांतून उरलेलं सुती कापड होतं, पांढऱ्यावर निळे बारीक ठिपके. शिवण उलटी बाहेर काढली, वरून पट्टी मारली. आत बोट फिरवलं, कुठे धागा लागत नाही. घालून आरशात बघत होती. म्हटलं, "पावरोटी दिसतेस." म्हणाली, "दिसू दे. तुम्ही शिवलीय ना."

असं ती कधी बोलत नाही. मी मशीन सुरू केलं.

७ एप्रिल

परत तो नाण्याचा वास. मागच्या मंगळवारसारखाच. मधे आला नव्हता.

आजाराचेही वार असतात!

९ एप्रिल

न्हाणीघराच्या जाळीत केसांचा हा गुंता! ओढून काढला. तिला दाखवून म्हणालो, "म्हातारी झालीस गं." ती म्हणाली, "तुमच्याबरोबर राहून झाले." संध्याकाळी केस अगदी बारीक कापून आली. उकडतं म्हणे. टोपी घरातही काढत नाही.

मी पण केस कापून घ्यावेत. उकडतं खरं.

११ एप्रिल

काय नशिबाचा खेळ आहे बघा.

दुपारच्या फेरीवरून आलो. ती आज लवकर येऊन पडली होती. मी जवळ गेलो तशी तोंड फिरवून म्हणाली, "अहो, आधी हात धुऊन या. फुलांचा वास येतोय. मळमळतं."

फुलांचा वास! तिला! शेडमधल्या बाईला! लग्नानंतर पहिल्या हंगामापासून ती म्हणत आलीय — "कसा असतो हो, मला एकदा तरी सांगा नीट." आणि आज तिला माझ्या बोटांवरचा उडता वास येतो आणि मला तिच्या केसांतला मुरलेला येत नाही! माझं गेलं ते तिला मिळालं की काय?

हात धुतले. दोनदा धुतले. वाईट वाटलं. तिला मळमळतं त्याचं नाही — वाटायला हवं होतं — तिला येतो आणि मला येत नाही याचं वाईट वाटलं. इथे लिहितोय, बाहेर बोलणार नाही.

१४ एप्रिल

"तशाच अजून टोप्या शिवाल का?" शेडमधल्या बायकांना आवडली म्हणे. ठिपक्यांचं कापड होतं तेवढं सगळं संपवलं. चार झाल्या. एक लहान डोक्याची हवी होती. म्हटलं, शेडमध्ये लहान पोरगी कशाला घेतली कामावर? म्हणाली, "आहे एक. बारीक अंगाची आहे." मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

आज मंगळवार. वास होताच.

१५ एप्रिल

खिडकीवर मुकादमिणीला विचारलं, "टोप्या बसल्या का नीट?" ती म्हणाली, "कुठल्या टोप्या?" मग घाईघाईने, "हो हो! छान झाल्यात!" ही बाई पण दमलेली दिसते. सगळ्यांनाच हंगाम नको झालाय.

१७ एप्रिल

लेकीचा फोन. "बाबा, आई फोनवर एवढी हळू का बोलते? बरी आहे ना?" म्हटलं, तिला काय धाड भरलीय! दमते जरा. "आणि तुमचं काय?" म्हटलं, माझं विचारू नकोस. मग विचारलंच तिने, तर सांगून टाकलं. नाक चाललंय. आईला बोलू नकोस.  लेक म्हणाली, "बाबा, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. गल्लीतला डॉक्टर गुडघ्यालाही तेच थेंब देतो."

पोरगी तोंडाची फटकळ. आईवर गेलीय.

२० एप्रिल

मशीन आलं! खोक्यातून काढून मॅनेजरने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. डब्यासारखं आहे. म्हटलं, झालं, आलं बोलावणं. तर तो म्हणतो, "काका, हे तुम्हाला मदतीला. तुम्हाला मधे कधी यायला जमलं नाही तर." फार गोड बोलतो. गोड बोलून माणसाला काढतात हे मला कळतं.

रानशेवंतीही संपत आलीय. शेतांच्या कडा पांढऱ्या होत्या त्या पिवळ्या पडायला लागल्या. पाकळ्या खाली वळल्या की फूल उतरलं समजायचं.

२१ एप्रिल

ठरवलं. हॉस्पिटलात फोन केला. नाकाची तपासणी फक्त मंगळवारी. पुढच्या मंगळवारचा नंबर मिळाला.

तिला म्हटलं, मंगळवारी बॉबिन आणि दोरे आणायला लांब जावं लागणार आहे, दिवस मोडेल. ती म्हणाली, "जा की! सावकाश या." जरा सुटल्यासारखी म्हणाली. घरात माझं तोंड बघून कंटाळली असेल.

२४ एप्रिल

जिन्यावर बसली होती. आमच्याच जिन्यावर, मधेच. म्हणाली, चप्पल नीट करतेय. चप्पल नीटच होती.

२५ एप्रिल

हंगाम संपला की तिला म्हणणार आहे, आता पुरे. शेड सोड. दोघांचं भागेल. आणि मग आपण नुसते बसू. तिला तो वास कसा असतो ते नीट सांगायचं राहून गेलंय. जोवर आठवतोय तोवर सांगावा. सफरचंद, गवत, टोचणी.

फार दमलोय. नुसतं पडून राहावंसं वाटतं.

२७ एप्रिल

उद्या कळेल. गेलं असेल तर गेलं. संध्याकाळी तिला सगळं सांगून टाकायचं. ती हसेल, मग रडेल, मग चहा करेल. तिचं असंच असतं.

२८ एप्रिल, सकाळ

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. आणि आनंदाने!

डॉक्टरीण तरुण होती. डोळ्यांवर पट्टी बांधून एकेक बाटली नाकाशी धरली. लवंग. कॉफी. व्हिनेगर. जुनं चामडं. मग इतक्या हलक्या की मी थांबून, श्वास आवरून सांगत होतो. शेवटच्या बाटलीला म्हटलं, यात काही नाही, नुसतं पाणी आहे. पण बाई, तुम्ही मघाशी संत्रं सोललंत. ती खो खो हसली. म्हणाली, "काका, तुमचं नाक ठणठणीत आहे. माझ्या खुर्चीत येऊन बसा तुम्हीच!"

म्हटलं, अहो पण मला भलते वास येतात. नसलेले. ती कागदावर काहीतरी लिहिता लिहिता म्हणाली, "नाही हो. तुम्हाला जे आहे त्याचाच वास येतो. जे नाही त्याचा येत नाही."

ठणठणीत! त्या गल्लीतल्या डॉक्टराच्या थेंबांना आग लावा! मॅनेजरला म्हणावं, मशीन घरी ने आणि त्यात लोणचं घाल. घरी जाताना तिला काहीतरी गोड घेऊन जातो. आज सगळं सांगणार. कसा वेड्यासारखा कांदे हुंगत होतो ते सांगणार. शिक्का मारलेला कागद देतील तोवर बस म्हणालेत.

जे आहे त्याचाच वास येतो.

मग

२८ एप्रिल, दुपार

कागद घेतलाच नाही. जिन्यात तो वास आला. स्पिरिट, ओलं रबर, जिभेवर नाणं. मंगळवारचा वास. त्याच्या मागे गेलो. तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार. आत आरामखुर्च्यांची रांग आणि हाताला नळ्या लावलेल्या बायका. आधी ती दिसलीच नाही. टोप्या दिसल्या. पांढऱ्यावर निळे ठिपके, शिवण बाहेर. एक लहान डोक्याची, एका मुलीच्या डोक्यावर. शेवटच्या टोपीखाली ती.

शेडवर महिन्याभरात गेलेलीच नाही. बाकीचे दिवस मुकादमिणीच्या आईकडे पडून असायची.

मला पाहून दचकली. मग दमलेल्या आवाजात म्हणाली, "लेकीने सांगितलं मला. तुमचं नाक बरं झालं की सांगणार होते."

मी दारातच उभा होतो.  तीच म्हणाली, "या आत. इथे चालतं."

आत गेलो.